ग्रीष्मातील गव्हाण

नाताळ म्हणजे थंडी, हे समीकरण आपल्या मनात इतके रुजले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आपल्याला सहसा भासत नाही. वसईच्या पट्ट्यात डिसेंबरच्या पहाटे दव पडते, मध्यरात्रीच्या मिस्साला जाताना वडीलधारी माणसे शाल पांघरतात. तेवढा गारवा आपल्याला खरे तर पुरेसा आहे. तरीही गोठ्याशेजारच्या झाडावर आपण कापूस पसरतो आणि त्याला बर्फ म्हणतो. ज्यांच्या सात पिढ्यांनी बर्फ पाहिला नाही, त्यांच्या अंगणातही तो दरवर्षी पडतो. याचे कारण उघड आहे. शुभवर्तमान आपल्यापर्यंत युरोपातून आले आणि येताना तेथील हिवाळाही सोबत घेऊन आले.

शुभवर्तमानात मात्र ऋतूचा उल्लेख नाही. संत लूकने शिरगणतीची आज्ञा सांगितली, बेथलेहेमात न मिळालेली जागा सांगितली, रानात रात्री कळप राखणारे मेंढपाळ सांगितले. बर्फ कोठेही सांगितला नाही. २५ डिसेंबर ही तिथीदेखील पुढची आहे. इसवी सन ३५४ मध्ये रोम येथे सिद्ध झालेल्या एका पंचांगात तिची नोंद सापडते आणि त्या नोंदीचे मूळ ३३६ सालापर्यंत मागे जाते, असे अभ्यासक मानतात. उत्तर गोलार्धात हे दिवस सर्वांत लहान दिवसाच्या लगेच नंतरचे. अंधार शिगेला पोहोचून प्रकाश वाढू लागतो, नेमक्या त्याच वेळी जगाचा प्रकाश जन्मास येतो, ही कल्पना प्राचीन ख्रिस्तसभेला अतिशय भावली. संत ऑगस्टीनने तर आणखी एक मेळ दाखवून दिला. योहान बाप्तिस्ताचा जन्मोत्सव २४ जूनला येतो, तेव्हा दिवस लहान होऊ लागतात. ख्रिस्ताचा डिसेंबरात येतो, तेव्हा ते मोठे होऊ लागतात. ख्रिस्ताची वाढ व्हावी आणि आपला ऱ्हास व्हावा, या योहानाच्या उद्गाराला जणू आकाशाचीच साक्ष मिळाली.

परंतु ही साक्ष अर्ध्याच पृथ्वीची आहे. विषुववृत्ताच्या दक्षिणेस ती नेमकी उलटते. तेथे नाताळनंतर दिवस लहान होत जातात. मेलबर्न शहरात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे केलेले असते आणि नाताळच्या संध्याकाळी पावणेनऊच्या सुमारास सूर्य मावळतो. मग युरोप सोडून त्या भूमीवर गेलेल्या माणसांनी हा सण कसा साजरा केला? आपले काय जपले, काय सोडून दिले आणि तेथे आधीपासून राहणाऱ्या लोकांशी त्या सणाच्या दिवसांत ते कसे वागले? हा इतिहास आपल्यालाही काही सांगून जातो.

न्यूझीलंडच्या उत्तर टोकापलीकडे काही खडकाळ बेटे आहेत. डच दर्यावर्दी आबेल तास्मान जानेवारी १६४३ मध्ये तेथे पोहोचला. तीन राजांचा सण जवळ आला होता, म्हणून त्याने त्यांना 'तीन राजांची बेटे' असे नाव दिले. त्याच्या आदल्या महिन्यात माओरी लोकांशी झालेल्या चकमकीत त्याचे चार खलाशी मारले गेले होते. त्या किनाऱ्यावर तो पाऊल न टाकताच परतला.

पुढे १७६९ सालचा नाताळ याच परिसरात दोन जहाजांनी पाहिला आणि गंमत अशी की एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता. इंग्रज कप्तान जेम्स कुकचे 'एंडेव्हर' त्या बेटांच्या आसपास होते. जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाने समुद्रपक्षी टिपले होते. इंग्लंडात नाताळला बदक-हंसाचे जेवण होते, त्याऐवजी या पक्ष्यांचे मांस पिठाच्या आवरणात घालून भाजले गेले आणि रात्री सारे खलाशी दारू पिऊन झिंगले, अशी नोंद बँक्सच्या रोजनिशीत आहे. घरच्या ताटाची जागा दुसऱ्या पदार्थाने भरून काढण्याची ही धडपड पुढे प्रत्येक स्थलांतरिताने केली.

दुसरे जहाज फ्रेंच होते, 'सेंट जाँ बाप्तिस्त'. त्याच्याशी आपला थोडा संबंध पोहोचतो, कारण ते आपल्या देशातून, बंगाल आणि पाँडिचेरी येथून निघालेले होते आणि त्यावर हिंदी खलाशीही होते. कप्तानाचे नाव द स्युरव्हिल. जहाजावर पॉल-आंत्वान द व्हिलफे हे दोमिनिकन धर्मगुरू होते. त्यांनी त्या नाताळला मिस्साबली अर्पण केला असावा आणि न्यूझीलंडमधील तो पहिला मिस्सा ठरावा, असे इतिहासकार मानतात. जहाजावरचे कितीतरी लोक स्कर्व्हीने आजारी होते. वादळामुळे त्यांपैकी काही जण किनाऱ्यावर अडकून पडले, तेव्हा रंगिनुई नावाच्या माओरी सरदाराने त्यांना आसरा दिला, खाऊ घातले. वादळात जहाजाची एक लहान होडी वाहून गेली आणि ती स्थानिक लोकांनी उचलली. या रागापोटी ३१ डिसेंबरला द स्युरव्हिलने झोपड्या जाळल्या आणि हाती लागला त्या माणसाला कैद करून जहाजावर नेले. तो माणूस म्हणजे आजाऱ्यांना अन्न देणारा रंगिनुईच होता. मार्च १७७० मध्ये स्कर्व्हीने त्याचा समुद्रातच अंत झाला. पुढे काही दिवसांतच द स्युरव्हिलही पेरूच्या किनाऱ्यावर बुडून मेला.

बेथलेहेमात परक्या दांपत्याला जागा मिळाली नाही. येथे परक्यांना जागा मिळाली आणि जागा देणाराच बेड्यांत पडला, तोही नाताळच्या अष्टकात! त्या भूमीवरील आपल्या धर्माच्या पहिल्या सणाची ही आठवण सुखद नाही. परंतु ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

ऑस्ट्रेलियाची कथा कैद्यांपासून सुरू होते. २६ जानेवारी १७८८ रोजी इंग्लंडहून कैद्यांचा पहिला ताफा सिडनीच्या खाडीत उतरला. त्याच वर्षीचा डिसेंबर हा त्यांचा त्या भूमीवरील पहिला नाताळ. कैद्यांत आयरिश कॅथलिक होते, पण धर्मगुरू मात्र एकटा अँग्लिकन. १७९८ च्या आयरिश उठावानंतर जे शिक्षा होऊन आले, त्यांत जेम्स डिक्सन, जेम्स हॅरोल्ड आणि पीटर ओ'नील हे तीन कॅथलिक धर्मगुरूही कैदी म्हणून आले. राज्यपाल किंग यांच्या परवानगीने १५ मे १८०३ रोजी फादर डिक्सन यांनी सिडनीत पहिला जाहीर मिस्सा केला. मार्च १८०४ मध्ये कॅसल हिल येथे आयरिश कैद्यांनी बंड केले, ते चिरडले गेले आणि मिस्साची परवानगीही काढून घेण्यात आली. काही वर्षांत ते तिन्ही धर्मगुरू तेथून निघून गेले.

नोव्हेंबर १८१७ मध्ये फादर जेरेमाया ओ'फ्लिन सरकारी परवानगीशिवाय आले. मे १८१८ मध्ये त्यांना सक्तीने परत पाठवण्यात आले. जाण्यापूर्वी त्यांनी एका श्रद्धावंताच्या घरी पवित्र साक्रामेंत ठेवला आणि पुढील काळात लोक तेथे जमून प्रार्थना करीत, अशी सिडनीच्या ख्रिस्तसभेची परंपरा सांगते. मे १८२० मध्ये फादर जॉन जोसेफ थेरी आणि फादर फिलिप कॉनॉली अधिकृतपणे येईपर्यंत तेथील कॅथलिकांचे बहुतेक नाताळ वेदीवाचून गेले. आपल्याकडे एखाद्या वर्षी मध्यरात्रीचा मिस्सा दोन तास अलीकडे घेतला तरी कुरबुर होते. त्या माणसांकडे थंडी नव्हती, घर नव्हते, मिस्साही नव्हता. उरली होती फक्त जपमाळ आणि आठवण. नाताळ साजरा करायला कमीत कमी काय लागते, याचे उत्तर त्यांनी जगून दाखवले.

याच काळात समुद्रापलीकडे न्यूझीलंडात आणखी एक प्रसंग घडला. २५ डिसेंबर १८१४ रोजी ओइही या किनाऱ्यावर अँग्लिकन मिशनरी सॅम्युएल मार्सडेन यांनी माओरी समुदायापुढे उपासना चालवली. रुआतारा या तरुण सरदाराने त्यासाठी जागेला कुंपण घातले होते आणि जुन्या होडीच्या लाकडातून व्यासपीठ उभारले होते. मेंढपाळांना देवदूताने दिलेली आनंदवार्ता हाच प्रवचनाचा विषय होता आणि रुआताराने तो आपल्या लोकांना त्यांच्या भाषेत समजावून दिला. हेच मार्सडेन सिडनीजवळ न्यायाधीश या नात्याने आयरिश कॅथलिकांना कठोर फटक्यांच्या शिक्षा देण्याबद्दल कुप्रसिद्ध होते. वार्ता मोठी असते आणि ती आणणारा नेहमी तिच्या उंचीचा असतोच असे नाही. ती ऐकणाऱ्यांपर्यंत पोहोचली ती रुआताराच्या जिभेवरून, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

वसाहती स्थिरावल्या तशी त्या भूमीने आपली फुले या सणाला दिली. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर पोहुतुकावा नावाचा वृक्ष डिसेंबरात लालभडक फुलतो. एकोणिसाव्या शतकातील वसाहतकार त्याच्या फांद्यांनी चर्च आणि घरे सजवू लागले. पश्चिम ऑस्ट्रेलियात मुडजार हे झाड ऐन उन्हाळ्यात नारिंगी-पिवळ्या फुलोऱ्याने पेटल्यासारखे दिसते. इंग्लंडात नाताळला दारावर बांडगुळाची डहाळी टांगतात आणि मुडजार हे त्याच बांडगुळाच्या जातकुळीतले झाड आहे, हा योगायोग विलक्षण म्हटला पाहिजे. या दोन्ही झाडांना तेथील लोक 'ख्रिसमस ट्री' म्हणतात.

मूळ रहिवाशांच्या लेखी मात्र या झाडांचा अर्थ निराळा होता. मृतांचे आत्मे परलोकी जाण्यापूर्वी मुडजारवर विसावतात, अशी नुंगार लोकांची श्रद्धा. न्यूझीलंडच्या उत्तर टोकावरील कड्यावर एक जुना पोहुतुकावा आहे. आत्मे त्याच्या मुळांवरून समुद्रात उतरतात आणि पूर्वजांच्या भूमीकडे निघतात, असे माओरी मानतात. एकाच फुलोऱ्यात नव्याने आलेल्यांनी जन्म पाहिला आणि आधीपासून असलेल्यांनी निरोप पाहिला. आपल्या श्रद्धेला हे दोन अर्थ परस्परविरोधी वाटू नयेत, कारण गव्हाणीतील बाळ क्रुसासाठीच जन्मले होते.

जेवणाच्या ताटाने मात्र बराच काळ हार मानली नाही. चाळीस अंशांच्या उष्म्यातही भाजलेले मांस आणि वाफाळते पुडिंग शिजत राहिले. हळूहळू थंड मांस, मासळी, चेरी, आंबे यांनी त्यांच्याशेजारी जागा मिळवली. गाण्यांचेही तसेच झाले. १९३८ साली मेलबर्नमधील आकाशवाणी निवेदक नॉर्मन बँक्स यांनी नाताळच्या पूर्वरात्री बागेत मेणबत्त्यांच्या उजेडात सामुदायिक नाताळगीते गाण्याचा कार्यक्रम योजला आणि सुमारे १०,००० लोक आले. आदल्या वर्षी खिडकीशी बसलेली एक वृद्धा मेणबत्तीच्या उजेडात रेडिओवरील नाताळगीतांबरोबर गाताना त्यांना दिसली होती, त्यातून ही कल्पना सुचली. उघड्या आकाशाखाली रात्री हजारोंनी बसणे उत्तरेच्या हिवाळ्यात जमले नसते. ती उन्हाळ्याचीच देणगी. १९४८ मध्ये कवी जॉन व्हीलर आणि संगीतकार विल्यम जेम्स यांनी ऑस्ट्रेलियाची स्वतःची नाताळगीते प्रसिद्ध केली. त्यांत बर्फाऐवजी तापलेली माळराने, गुराखी आणि तेथील पक्षी आले.

तो उन्हाळा नेहमीच सौम्य असतो असे नाही. १९७४ साली २४ डिसेंबरच्या रात्री डार्विन शहरावर 'ट्रेसी' चक्रीवादळ कोसळले. साठाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, बहुतेक घरे उद्ध्वस्त झाली आणि ३०,००० हून अधिक लोकांना शहराबाहेर न्यावे लागले. मध्यरात्रीच्या मिस्सानंतर तेथील धर्मगुरू एडमंड कॉलिन्स यांनी त्या वादळाचा आवाज ध्वनिफितीवर टिपून ठेवला. पुढे ते डार्विनचे बिशप झाले. त्या शहरातील कितीतरी कुटुंबांना त्या नाताळच्या सकाळी डोक्यावर छप्पर नव्हते. गोठ्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नसेल.

या इतिहासात आपली माणसे उशिरा आली, कारण दार बंद होते. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये कायदा करून गोरेतरांना प्रवेश जवळजवळ नाकारला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी, भारत स्वतंत्र झाला त्याच दिवशी, 'मनूरा' हे जहाज मुंबईहून शेकडो अँग्लो-इंडियनांना घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचले. वर्णभेदाचे धोरण १९७३ मध्ये अखेर संपुष्टात आले आणि मग गोवा, मुंबई व वसईच्या कॅथलिक कुटुंबांनाही ती वाट मोकळी झाली. आज आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांचा एखादा मुलगा किंवा लेक सिडनीला नाहीतर ऑकलंडला असते. नाताळचा फराळ तेथे होतो, तोही घामाघूम होऊन.

'इथे नाताळ वाटतच नाही', असे त्यांच्या पत्रांत पहिल्या वर्षी हमखास असते. त्यांनी आपल्याच इतिहासातील एका माणसाची आठवण ठेवावी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि इंग्लंडचा हिवाळा त्याला पुन्हा कधी दिसला नाही. त्याने नारळीपोफळींच्या मुलखात नाताळ केला, आपली भाषा आत्मसात केली आणि १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापून ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आणली. जे हरवले त्याबद्दल हळहळण्यापेक्षा जे समोर आहे त्यात त्याने प्रभूला जागा करून दिली.

दिवस वाढत असोत वा घटत असोत, प्रकाशाचे चिन्ह आकाशात शोधण्याची आता गरज नाही. दक्षिणेकडील ख्रिस्तसभेने हे सव्वादोनशेहून अधिक वर्षांत शिकून घेतले आहे. तिच्या इतिहासातून आपण दोन गोष्टी घेऊ शकतो. एक अशी की सणाचे बाह्य रूप परके असेल तर ते बदलण्यात पाप नाही. कापसाच्या बर्फाजागी भाताची लोंबी ठेवली तरी गोठा तोच राहतो. दुसरी अधिक कठीण आहे. रंगिनुईने आजाऱ्यांना अन्न दिले, तेव्हा त्याला नाताळ ठाऊक नव्हता. ज्यांना ठाऊक होता, त्यांनी त्याला बांधून नेले. आपल्या गावी कामासाठी आलेले परप्रांतीय मजूर येत्या २५ डिसेंबरला कोठे जेवतील, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्रामाने स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर देताना ऋतू आड येत नाही.