जामिनाचं माप: राजस्थानातले दोन खटले

शंभर गुन्हेगार सुटले तरी चालतील, पण एका निरपराध्याला शिक्षा होता कामा नये, हे सिनेमातल्या वकिलांनी आपल्याकडून पाठ करून घेतलंय. पण ही झाली शिक्षेची गोष्ट. निकालाआधी माणसाला आत ठेवायला किती पुरावा लागतो? माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

शिक्षेसाठी गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. कोठडीसाठीचं माप बरंच खाली. 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 437 सांगायचं, की फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यात आरोपी दोषी असल्याचं मानायला वाजवी कारणं दिसली, तर खालच्या कोर्टाने सहसा जामीन देऊ नये. वरच्या कोर्टांना अधिकार मोठे, पण आरोप किती गंभीर हे तीही बघतातच. तोवर एकाही साक्षीदाराची उलटतपासणी झालेली नसते. कोर्टापुढे असतात ते पोलिसांचे कागद.

1977 साली ‘राजस्थान राज्य विरुद्ध बालचंद’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी लिहिलं, की मूळ नियम जामिनाचा, तुरुंगाचा नाही. आरोपी पळून जाईल, साक्षीदारांना धमकावेल, पुन्हा गुन्हा करेल अशी चिन्हं असली तर गोष्ट वेगळी. आज हे वाक्य प्रत्येक वकिलाच्या तोंडी आहे. गंमत म्हणजे बालचंद कच्चा कैदी नव्हताच! हायकोर्टाने त्याला निर्दोष सोडलं होतं, राज्य सरकार अपिलात गेलं म्हणून त्याला पुन्हा हजर व्हावं लागलं.

आता त्याच राजस्थानातलं दुसरं प्रकरण. 22 मे 1996. जयपूर-आग्रा रस्त्यावर समलेटीजवळ बसमध्ये बॉम्ब फुटला, 14 माणसं गेली. धरपकड झाली. खालच्या कोर्टाचा निकाल आला 2014 साली. म्हणजे जवळपास अठरा वर्षं ही माणसं कायद्याच्या भाषेत नुसती आरोपी होती, आणि आत होती. पुढे 22 जुलै 2019 ला जयपूरच्या हायकोर्टाने मुख्य आरोपीची फाशी कायम ठेवली, पण सहा जणांना निर्दोष ठरवलं. कटाशी त्यांचा संबंध सिद्धच झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांतले पाच जण जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहातून बाहेर पडले. एक श्रीनगरला पोचला, तोवर आई-वडील दोघंही गेलेले. त्यांच्या कबरीवर तो आडवा पडला, तो व्हिडिओ तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल.

1 जुलै 2024 पासून नवी संहिता आली. कलम 437 चं 480 झालं. ‘वाजवी कारणं’ त्यातही आहेत.