बंदर कुणी बांधले, कुणाला पावले?

वाणगाव परिसरातून हिवाळ्यात मुंबईला जाणे ही काही नवी गोष्ट नाही. भात कापून झाले, झोडणी उरकली, की हात रिकामे होतात. आमच्याकडचा आदिवासी मग घरातून बाहेर पडतो. कुणी वीटभट्टीवर, कुणी रेतीवर, कुणी मच्छीमार बोटीवर खलाशी म्हणून, कुणी मुंबईच्या बांधकामावर. त्याला तो ‘जगायला जाणे’ म्हणतो. या दोन शब्दांत आमच्या तालुक्याचे सगळे अर्थशास्त्र आले. गावात जगता येत नाही, म्हणून जगायला जायचे.

याच दिवसांत आणखी एक जाणे होते. ५ डिसेंबरला डहाणूहून निघणाऱ्या गाडीत निळे झेंडे, पांढरी लुगडी, फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या आणि झोपाळलेली लेकरे दिसतात. वाणगाव, बोईसर, पालघर अशी गर्दी वाढत जाते आणि दादरला रिकामी होते. शहरातला सुखवस्तू माणूस या दिवशी नाक मुरडतो. त्याच्या लेखी ही फक्त गर्दी असते. ती कुठून आली आणि का आली, हे त्याला कळत नाही. कळून घ्यावे असेही वाटत नाही.

या खेपेस माझ्याबरोबर गावातली चार महाविद्यालयीन मुले होती. चैत्यभूमीचे दर्शन झाले, पुस्तके घेऊन झाली. रात्री शिवाजी पार्कच्या कडेला गारठ्यात बसलो असताना त्यातल्या एकाने विचारले, “सर, वाढवणला बंदर झालं म्हणजे आपल्या पोरांना नोकऱ्या लागतील ना?” मी पटकन ‘हो’ म्हणू शकलो नाही, ‘नाही’ही म्हणू शकलो नाही. म्हटले, “उद्या परत जायची घाई करू नका. आधी जुनं बंदर बघू.”

हा प्रश्न वाचकांपुढे मांडण्यापूर्वी त्याची पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. वाढवण आमच्याच डहाणू तालुक्यात, वाणगावापासून काही कोसांवर, समुद्रकाठी आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. १९९८ मध्ये एका परदेशी कंपनीचा येथे बंदर बांधण्याचा प्रस्ताव डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने फेटाळला. त्याच प्राधिकरणाने २०२३ साली नव्या प्रस्तावाला संमती दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मान्यता दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. समुद्रात भराव घालून कंटेनरचे नऊ टर्मिनल बांधण्याची योजना आहे. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा याला वर्षानुवर्षे विरोध आहे. आतल्या पट्ट्यातला भूमिहीन तरुण मात्र नोकरीची आशा धरून बसला आहे. एकाच तालुक्यातले हे दोन गरीब एकमेकांसमोर उभे राहण्याची भीती आहे. म्हणूनच जुन्या बंदराचा हिशेब मांडणे मला अगत्याचे वाटते.

मुंबईच्या बंदराचा इतिहास शाळेत शिकवतात तो व्यापाऱ्यांचा आणि गव्हर्नरांचा असतो. १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, १८७५ साली ससून गोदी, १८८० साली प्रिन्सेस गोदी, मग व्हिक्टोरिया गोदी आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी बांधून झाली. अलेक्झांड्रा गोदीला आज इंदिरा गोदी म्हणतात. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी १९१३ साली झाली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी ऐन थंडीत तो खुला झाला. १९११ च्या डिसेंबरात एक राजा येथे उतरला, त्याची ती आठवण. राजा उतरला ती जागा कमानीने दाखवली आहे. पण गोद्यांसाठी चिखल उपसणारा, दगड वाहणारा आणि पुढे त्याच गोद्यांत पाठीवर गोणी वाहणारा माणूस कुठे उतरला, हे दाखवणारा दगड शहरात कुठे दिसत नाही.

तो माणूस कोकणातून बोटीने येई, देशावरून पायी किंवा रेल्वेने येई. त्यात महार, मांग, चांभार मोठ्या संख्येने होते. शहरात जात सुटते, असे आपण म्हणतो. ती किती सुटली? कापड गिरण्यांत अस्पृश्याला विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याने विटाळ होई. पगार जास्त तो विणकाम खात्यातच. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. यंत्र नवे होते, पण त्यापुढे उभे राहणाऱ्याची जात जुनीच होती. मग अस्पृश्याच्या वाट्याला बहुधा ओझ्याचे आणि घाणीचे काम येई, आणि गोदीत ओझ्याला तोटा नव्हता. तेथे रोजाने माणसे लावणारा तोलीवाला असे. पहाटे त्याच्यासमोर उभे राहायचे. त्याने बोट दाखवले तर काम, नाही तर उपास. बंदराला माणूस हवा होता तो एवढ्यापुरताच.

तरीही याच बंदराशी आपल्या चळवळीचे नाते जडले आहे. आणि विशेष असे की, त्यातले पुष्कळसे प्रसंग हिवाळ्यातले आहेत. यात योगायोगाचा भाग नाही असे नाही. पण कारणही आहे. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत आणि शेतमजूर चिखलात अडकलेला असे. समुद्र शांत होणे आणि गरिबाचे हात मोकळे होणे, या दोन्ही गोष्टी एकाच ऋतूत घडतात.

ज्या १९१३ साली गेटवेचा पाया घातला गेला, त्याच साली एका सुभेदाराचा मुलगा याच बंदरातून न्यूयॉर्कला शिकायला गेला. १९२७ च्या डिसेंबरात, महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी, तोच मुलगा आपल्या सहकाऱ्यांना घेऊन मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. जाळणारे समुद्रमार्गे आले होते, हे आपण विसरतो. २८ डिसेंबर १९३१ रोजी गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी बॅलार्ड पिअरला उतरले, तेव्हा अस्पृश्य समाजाने त्यांना काळी निशाणे दाखवली. महिनाभराने, २९ जानेवारी १९३२ रोजी बाबासाहेब परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताला हाच समाज धक्क्यावर आला. ज्या धक्क्यावर आपला माणूस फक्त हमाल म्हणून दिसायचा, तेथे तो आपले राजकीय मत घेऊन उभा राहिला. बंदराच्या इतिहासात ही घटना राजाच्या आगमनाहून लहान नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो १० जानेवारी १९३८ चा दिवस. स्वतंत्र मजूर पक्षाने त्या दिवशी मुंबईच्या कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक या जिल्ह्यांतून वीस हजारांवर माणसे आली. आमचा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. खोती रद्द करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी आदल्या सप्टेंबरात मांडले होते, आणि मोर्चा त्यासाठी होता. तोपर्यंत खेड्यातला गरीब मुंबईला येई तो काम मागायला. या दिवशी तो कायदा मागायला आला. अस्पृश्य आला, कुणबी आला, आणि दोघे एकाच मोर्चात चालले. खोती जायला १९४९ साल उजाडले. पण मागणी लेखी होती, ती सभागृहात नोंदली गेली होती, म्हणून ती मेली नाही.

या लढ्यात बाबासाहेबांबरोबर शामराव परुळेकर होते. पुढे याच परुळेकरांनी गोदावरीबाईंसह आमच्या भागात वारल्यांची चळवळ उभी केली. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे परिषद झाली आणि वेठबिगारीविरुद्ध वारली उठला. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन पाच आदिवासी मारले गेले. मुंबईच्या मैदानातला तो जानेवारी आणि आमच्या रानातले हे बंड यांच्यामध्ये एक माणूस पूल म्हणून उभा आहे. दलित चळवळ आणि आदिवासी चळवळ यांचे गोत्र वेगळे, असे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

गोदीतल्या माणसाचे पुढे काय झाले? १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीचा स्फोट झाला, शेकडो माणसे गेली. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचे नियमन करणारा कायदा झाला. कामगारांची नोंदणी सुरू झाली, आणि तोलीवाल्याच्या बोटावर चालणारा कारभार कायद्याच्या चौकटीत येऊ लागला. म्हणजे पहिली मोठी गोदी झाल्यापासून गोदी कामगाराला कायद्याने ओळखायला सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. तोही आपोआप लागला नाही, संघटना झाल्या म्हणून लागला. पोर्ट ट्रस्ट सार्वजनिक संस्था असल्याने पुढे तेथे राखीव जागाही आल्या, आणि हमालाचा मुलगा कारकून होऊ शकला.

पण तो स्थिरावतो तोच काम दुसरीकडे गेले. बंदराच्या पलीकडच्या काठावर, न्हावा-शेवा येथे, १९८९ साली नवे बंदर सुरू झाले. कंटेनर आले. शंभर पाठींचे ओझे एक क्रेन उचलू लागली. त्या बंदरालाही हिवाळ्याचा एक डाग आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण भागात जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर आले. पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचे सूत्र आले. या लढ्याचा आदर करूनच एक प्रश्न विचारला पाहिजे. या सूत्राचा पाया गेलेली जमीन हा आहे. मग ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याचे काय?

दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन मी बॅलार्ड पिअरच्या बाजूला गेलो, तेथून भाऊच्या धक्क्यावर गेलो. थंडीचे ऊन पडले होते, लाँचा ये-जा करीत होत्या, कोळणी पाट्या उचलत होत्या. गोदीची भिंत लांबच लांब. मुले बराच वेळ गप्प होती. मग प्रश्न विचारणाराच म्हणाला, “म्हणजे बंदर देत नाही, घ्यावं लागतं.” मला वाटते, त्याने इतिहास बरोबर वाचला.

आता आपल्या दाराशी आलेल्या बंदराकडे वळू. नवे बंदर कंटेनरचे आहे. तेथे पाठीला काम नाही, शिकलेल्या हाताला आहे. टर्मिनल खासगी कंपन्यांनी चालवायची पद्धत रूढ झाली आहे, आणि खासगी नोकरीत आरक्षण नाही. म्हणजे मुंबईच्या गोदीत हमालाच्या मुलाला जी शिडी मिळाली, ती येथे मुळातच काढून ठेवलेली असेल. भराव समुद्रात असल्याने गाव उठणार नाही, असे सांगितले जाते. पण समुद्र हेच ज्याचे शेत आहे, त्याचे शेत बुजले तर त्याची नोंद कोणत्या सातबाऱ्यावर होणार? मासळी सुकवणारी आणि डोक्यावरून वाणगावच्या बाजारात आणणारी बाई, दुसऱ्याच्या मिरचीच्या वाडीत राबणारा मजूर, पिढ्यान् पिढ्या कसूनही नावावर गुंठा नसलेला आदिवासी, यांचे नुकसान कागदावर होतच नाही. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. हे उदाहरण तर आमच्या डोळ्यांदेखतचे आहे.

यातून आपण काय करायचे? बंदर हवे की नको एवढ्यावरच वाद मिटवू नये. ज्याचा समुद्र जातो त्याला ‘नको’ म्हणण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि तो दडपला जात असेल तर आपण त्याच्या बाजूने उभे राहिले पाहिजे. पण बंदर होणारच असेल, तर बाधितांच्या यादीत भूमिहीनाचे, मच्छीमार बाईचे नाव सातबाऱ्यावाचून आले पाहिजे. टर्मिनलच्या करारातच राखीव जागांची अट पाहिजे. कंत्राटी मजुराची नोंदणी पहिल्या दिवसापासून पाहिजे, सत्तर वर्षांनी नव्हे. आणि आमच्या आश्रमशाळांतल्या मुलांना क्रेन, वीज आणि आयात-निर्यातीचे कागद यांचे शिक्षण आजपासून पाहिजे. हे सगळे लेखी हवे. सभेतल्या आश्वासनाला कायद्यात किंमत नसते.

येथे आपल्याही चळवळीला एक प्रश्न विचारणे भाग आहे. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर लाखो माणसे रडत उभी होती. त्यानंतर दरवर्षी आपण तेथे जातो. जायलाच हवे. पण आपण वंदन करतो ते घटनेच्या शिल्पकाराला आणि बोधिसत्त्वाला. १० जानेवारीचा मोर्चा नेणारे, मजूर पक्ष काढणारे बाबासाहेब आपल्या स्मरणातून निसटत चालले आहेत. त्या तारखेला किती गावांत सभा होते? आमच्या गावात आजवर झाली नव्हती.

परतीच्या गाडीत मुलांनी एक वही काढली. वैतरणा ओलांडली तेव्हा त्यात पहिली ओळ लिहिली गेली होती: वाणगाव परिसरातील भूमिहीन कुटुंबांची यादी. गाव, घर, माणसे, काम, असे चार रकाने त्यांनी पट्टी नसताना हातानेच आखले. येत्या १० जानेवारीला ती यादी घेऊन बसायचे ठरले आहे.