पोटदुखी नेहमी ‘पित्ता’चीच असते का? स्वादुपिंड बिघडले तर शरीरात काय होते?

कोल्हापुरात तांबडा-पांढरा रस्सा भरपेट झाला आणि रात्री पोटात दुखू लागले, की घरातच निदान होते: ‘पित्त झालंय’. बऱ्याचदा ते खरेही असते. पण दुखणे पोटाच्या वरच्या भागातून पाठीकडे जात असेल, उताणे झोपल्यावर वाढत असेल आणि पुढे वाकून बसल्यावर थोडे कमी होत असेल, तर त्यामागे स्वादुपिंड असू शकते.

स्वादुपिंडाचे काम काय?

स्वादुपिंड ही जठराच्या मागे आडवी असलेली, साधारण १५ सेंटिमीटर लांबीची ग्रंथी आहे. तिची कामे दोन.

पहिले काम पचनाचे. ही ग्रंथी रोज एक ते दीड लिटर पाचकरस लहान आतड्यात सोडते. त्यातील लायपेज चरबी पचवते, अमायलेज पिष्टमय पदार्थ, तर ट्रिप्सिन प्रथिने.

दुसरे काम रक्तातील साखर सांभाळण्याचे. ग्रंथीचा जेमतेम १ ते २ टक्के भाग असलेल्या पेशींच्या पुंजक्यांतून इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन तयार होते. इन्सुलिन साखर कमी करते, ग्लुकॅगॉन ती वाढवते. १८८९ मध्ये स्ट्रासबर्ग येथे मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, तेव्हा त्याला मधुमेह झाला. पुढे १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले.

अचानक सूज आली तर?

पाचकरस आतड्यात पोहोचेपर्यंत निष्क्रिय असतो. काही कारणाने तो ग्रंथीतच सक्रिय झाला, तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते. यालाच अॅक्यूट पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. पित्ताशयातील खडे आणि दारू ही त्याची दोन मुख्य कारणे. रक्तातील ट्रायग्लिसराइड १००० च्या वर गेल्यासही धोका वाढतो. असह्य पोटदुखी, उलट्या आणि ताप ही लक्षणे दिसली, तर घरी अँटासिड घेत थांबू नये. आजार तीव्र असेल तर मूत्रपिंड आणि फुप्फुसेही निकामी होऊ शकतात.

सूज वर्षानुवर्षे राहिली तर?

दारू, तंबाखू किंवा आनुवंशिक कारणांमुळे सूज टिकून राहते आणि ग्रंथी हळूहळू कडक होते. भारतात, विशेषतः दक्षिणेकडे, दारूला हात न लावणाऱ्या तरुणांतही हा आजार आढळतो. मग दोन्ही कामे बिघडतात.

पचन: चरबी न पचल्याने शौचास फिकट, तेलकट आणि फार दुर्गंधीची होते. जेवण नीट असूनही वजन घटते. अ, ड, ई आणि के जीवनसत्त्वे शोषली जात नाहीत, त्यामुळे हाडेही ठिसूळ होतात.

इन्सुलिन: इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या की मधुमेह होतो. त्याला टाइप ३ सी म्हणतात. यात ग्लुकॅगॉनही कमी पडते. त्यामुळे इन्सुलिनचा डोस थोडा जास्त झाला किंवा जेवण चुकले, तरी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. हा मधुमेह नेहमीच्या टाइप २ सारखाच समजला गेला, तर साखरेवर औषध सुरू राहते आणि न पचणारे अन्न दुर्लक्षित राहते. अशा रुग्णांना जेवणासोबत घेण्याच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात. त्या उपाशीपोटी घेऊन उपयोग होत नाही.

कर्करोगाची शंका केव्हा घ्यावी?

गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या आजारामुळे स्वादुपिंडाचा कर्करोग अनेकांना माहीत झाला. त्यांना हा आजार असल्याचे ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्य सरकारने सांगितले आणि १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. ही ग्रंथी खोलवर असल्याने गाठ सुरुवातीला हाताला लागत नाही. म्हणून पन्नाशीनंतर अचानक मधुमेह झाला आणि सोबत वजन घटू लागले, किंवा न दुखता कावीळ झाली, तर तपासणी टाळू नये. अर्थात नव्याने मधुमेह झालेल्या बहुतेकांना कर्करोग नसतो.

काय करावे?

रक्तातील लायपेज आणि अमायलेज, पोटाची सोनोग्राफी आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन यांतून निदान होते. चरबी नीट पचते का, हे मलाच्या तपासणीतून कळते. कोल्हापुरात सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वसाधारण रुग्णालय, हे शासकीय रुग्णालय आहे. दुखणे असह्य असेल तर १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

दारू आणि तंबाखू सोडणे, पित्ताशयातील खड्यांनी त्रास होत असेल तर उपचार लांबणीवर न टाकणे आणि ट्रायग्लिसराइड आटोक्यात ठेवणे, एवढ्याने धोका बराच कमी होतो. रस्सा कायमचा सोडावा लागेलच असे नाही. पण तेच ते दुखणे पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्याला ‘पित्त’ म्हणून सोडून देऊ नये.