गारपीट (धाराशिव जिल्हा)

गडगडाटी ढगांतून ५ मिमी. किंवा त्याहून अधिक व्यासाचे बर्फाचे गोळे पडण्याची घटना. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात ती मुख्यतः हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्यात घडते.

निर्मिती : अरबी समुद्र व बंगालच्या उपसागरावरून येणारी दमट हवा तापलेल्या पठारावरून वर उसळते, उंचावर कोरडे, थंड पश्चिमी वारे असल्यास उंच ढग उभे राहतात [→ गडगडाटी वादळ]. त्यांतील पाणी शून्याखालीही काही काळ द्रवरूप राहते आणि बर्फकणांवर आदळताच गोठते. असे थर चढून गार वाढते आणि ऊर्ध्व प्रवाहाला तिचे वजन पेलेनासे झाले की ती खाली येते. हिमपातातील नाजूक स्फटिक इथल्या उबदार हवेत वाटेतच वितळून त्यांचा पाऊस होतो. मोठी गार मात्र जमीन गाठते [→ हिम].

वैशिष्ट्ये : कापलेल्या गारेत दुधी व पारदर्शक थर आलटून-पालटून दिसतात. पाणी झटकन गोठले तर हवेचे बुडबुडे अडकून थर दुधी होतो. सावकाश गोठले तर पारदर्शक. गारपिटीचा पट्टा सहसा अरुंद असतो, त्यामुळे एका शिवारात पीक झोपते, शेजारच्या शिवारात नुसता पाऊस पडतो.

महत्त्व : काढणीला आलेली ज्वारी, हरभरा, गहू, द्राक्षबागा व आंब्याचा मोहोर यांना फटका बसतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागात गारपीट झाली. तीत हा जिल्हाही सापडला. आपत्ती निवारण निधीच्या निकषांत गारपिटीचा समावेश असून पंचनाम्यानंतर मदत दिली जाते [→ रब्बी हंगाम].