थिजलेला पडदा आणि आरोपी ग्राफिक्स कार्ड

जानेवारी २००२. जेन्टू लिनक्सच्या विकासकांनी एक इशारा प्रसिद्ध केला. एएमडीचा अ‍ॅथलॉन प्रोसेसर आणि एजीपी स्लॉटमध्ये बसवलेले नवे ग्राफिक्स कार्ड अशी जोडी असलेले संगणक काम चालू असताना अचानक थिजत होते. माऊस जागचा हलेना, कळफलक ऐकेना, शेवटी विजेचे बटण दाबून यंत्र बंद करावे लागे. मालकांनी तोवर एकच निष्कर्ष काढला होता: नवे कार्ड सदोष आहे, किंवा त्याचा ड्रायव्हर तरी.

इशारा वेगळेच सांगत होता. कार्डाला हात लावू नका; संगणक सुरू होताना कर्नलला 'मेम=नोपेंटियम' एवढी सूचना द्या. गंमत अशी की ज्या यंत्रात पेंटियम नव्हताच, त्याला 'पेंटियम नको' असे बजावायचे होते. आणि पुष्कळ यंत्रे त्याने खरोखर शांत झाली.

घरगुती संगणकाच्या इतिहासातील हा एक फार बोधक खटला आहे. तो नीट समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ग्राफिक्स कार्ड हे संगणकातील इतर कार्डांसारखेच एक होते. ध्वनी, मोडेम आणि डिस्क यांच्याबरोबर एकाच पीसीआय मार्गावर दाटीवाटीने बसलेले. त्रिमितीय खेळ आले आणि ही वाट अपुरी पडली. १९९६ मध्ये इंटेलने एजीपीचा आराखडा मांडला आणि १९९७ पासून तो स्लॉट मदरबोर्डांवर दिसू लागला. ग्राफिक्स कार्डाला स्वतंत्र रस्ता मिळाला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे संगणकाच्या मुख्य स्मृतीचा काही भाग कार्ड स्वतःचा असल्यासारखा वापरू लागले.

तंट्याचे मूळ याच सवलतीत होते. प्रोसेसर स्मृतीची वाटणी 'पानां'मध्ये करतो. नेहमीचे पान ४ किलोबाइटचे. १९९३ च्या पेंटियमपासून ४ मेगाबाइटचे मोठे पान वापरण्याची सोय झाली. त्या विचित्र सूचनेतील 'पेंटियम' तो हाच. लिनक्सचा कर्नल सोयीसाठी स्मृतीची नोंद मोठ्या पानांत करी आणि 'ही कॅशमध्ये ठेवण्याजोगी आहे' असा शेरा मारी. एजीपीचा भाग मात्र त्याच स्मृतीचा एक तुकडा घेऊन त्याची दुसरी नोंद करी: 'ही कॅशमध्ये ठेवू नये.'

एकाच जमिनीचे दोन सातबारा उतारे असावेत आणि दोन्हींवर निराळा शेरा असावा, तसा हा प्रकार होता. गावात सगळे सरळ वागत असतील तर असा घोळ वर्षानुवर्षे उघड होत नाही. अ‍ॅथलॉन मात्र चलाख होता. पुढे कोणते काम येईल याचा अंदाज बांधून तो आगाऊ तयारी करी. या तयारीत तो पहिल्या उताऱ्याच्या आधारे त्या तुकड्याची प्रत कॅशमध्ये आणी आणि 'बदललेली' म्हणून तिच्यावर खूण करी, लिहिण्याचे काम प्रत्यक्षात आले नाही तरीही. काही क्षणांनी ती शिळी प्रत मूळ जागी परत लिहिली जाई. दरम्यान तिथे कार्डासाठी ठेवलेल्या नव्या आज्ञा पुसल्या जात. कार्डाच्या हाती पडे तो निरर्थक मजकूर.

कार्ड थिजे, आणि लोक कार्डाला दोष देत.

प्रथम बोट प्रोसेसरकडे वळले. एएमडीने खुलासा केला तेव्हा चित्र बदलले: एकाच स्मृतीच्या दोन परस्परविरोधी नोंदी ठेवणे हीच मुळात चूक होती, आणि ती प्रणालीची होती. मोठी पाने बंद केल्याने रोग झाकला जाई, बरा होत नसे. पुढे लिनक्स कर्नलमध्ये या नोंदी जुळवून घेण्याची व्यवस्था झाली. विंडोज २००० साठीही मोठी पाने बंद करणारी दुरुस्ती आधीच उपलब्ध होती. पण नवे कार्ड आणून घरी बसवणाऱ्या माणसापर्यंत असे कागद क्वचितच पोहोचतात.

वीज हा दुसरा, कमी नाट्यमय पण फार व्यापक मुद्दा. १९९९ च्या जीफोर्स २५६ ने काही जुन्या मदरबोर्डांच्या एजीपी स्लॉटची ताकद पणाला लावली. स्लॉट तोच, कार्ड त्यात नीट बसे, पण ३.३ व्होल्टच्या वाहिनीवर पुरेसा प्रवाह मिळत नसे. २००० मध्ये थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू५ ५५०० ने पॉवर सप्लायमधून थेट वेगळी तार घेतली. २००२ च्या रेडिऑन ९७०० प्रो या कार्डालाही तशी तार लागे, आणि ती जोडायची राहिली तर ते पडद्यावर तसे स्पष्ट लिहून दाखवी. आपली तक्रार शब्दांत सांगणारे कार्ड ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. बाकीची बिचारी मुकाट्याने थिजत.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या 'असेम्बल्ड' संगणकांची पिढी याच काळातली. अशा यंत्रात मदरबोर्ड एकाचा, प्रोसेसर दुसऱ्याचा, कार्ड तिसऱ्याचे आणि एसएमपीएस बहुधा कॅबिनेटसोबत मिळालेला. त्यावर छापलेला वॅटचा आकडा ही सर्व वाहिन्यांची मिळून बेरीज असे. कार्डाला हवी असलेली विशिष्ट वाहिनी किती भार पेलेल, हे त्या आकड्यावरून कळत नसे. त्यातच मदरबोर्डावरचे सदोष कपॅसिटर फुगून फुटण्याची साथ त्या दशकाच्या आरंभी जगभर पसरली. यंत्र हँग झाले की कार्ड काढायचे, सोनेरी दात खोडरबराने घासायचे, पुन्हा बसवायचे, शेजाऱ्याचा एसएमपीएस लावून पाहायचा. या विधीला हसू नये. दोष कोठे आहे हे सांगणारे कोणी नसताना एकेक भाग बदलून पाहणे हाच खरा शास्त्रीय मार्ग होता.

पण एका कार्डाच्या अडखळण्याने संपूर्ण संगणक का बंद पडावा? याचे उत्तर १९९६ मधील एका निर्णयात आहे.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटी ३.१ मध्ये, म्हणजे १९९३ साली, ग्राफिक्सचा कारभार कर्नलच्या बाहेर, एका वेगळ्या प्रक्रियेत ठेवलेला होता. रचना शिस्तशीर होती आणि संथही. १९९६ च्या एनटी ४.० मध्ये वेगासाठी हा कारभार ड्रायव्हरसकट कर्नलच्या आत हलवला गेला. ती प्रक्रिया कोसळली तर यंत्र असेही निकामीच होते, मग बाहेर ठेवून काय साधते, असा मायक्रोसॉफ्टचा युक्तिवाद होता. तो अगदीच पोकळ म्हणता येत नाही. मात्र त्याची किंमत पुढे घराघरांत मोजली गेली. २००१ मध्ये एक्सपी आली आणि एनटीचा वंश कार्यालयांतून सामान्य घरांत शिरला. आता कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर प्रत्येक घरातील यंत्राच्या गाभाऱ्यात बसला होता.

एक्सपीने एक पहारेकरी नेमला होता. ड्रायव्हर कार्डाच्या उत्तराची वाट पाहत एकाच फेऱ्यात अडकला, तर तो निळा पडदा दाखवून यंत्र थांबवी. एनव्हिडियाच्या 'एनव्ही४_डिस्प' या फाइलचे नाव त्या पडद्यावर इतक्यांनी वाचले, की 'इन्फिनिट लूप' हे जणू एखाद्या आजाराचे नाव झाले. कोणी एजीपीचा वेग ४एक्सवरून २एक्सवर आणला, कोणी बायोसमधील 'फास्ट राइट्स' बंद केले, कोणी व्हायाच्या चिपसेटचे नवे ड्रायव्हर घातले, कोणी एसएमपीएस बदलला. प्रत्येक उपाय कोणाला तरी लागू पडला आणि म्हणूनच वाद मिटला नाही. पहारेकऱ्याला एवढेच ठाऊक होते की उत्तर आले नाही. का आले नाही, हे त्याच्या वहीत नव्हते.

३० जानेवारी २००७ रोजी व्हिस्टा सर्वसामान्यांसाठी विक्रीस आली आणि ड्रायव्हरचा मोठा हिस्सा पुन्हा कर्नलबाहेर गेला. कार्डाने २ सेकंदांत उत्तर दिले नाही, तर प्रणाली केवळ कार्डच नव्याने सुरू करी. पडदा क्षणभर काळा होई, कोपऱ्यात सूचना येई, संगणक चालू राही. अकरा वर्षांपूर्वीच्या निर्णयाची ही बऱ्याच अंशी माघारच होती, तिला तसे कोणी म्हटले नाही एवढेच. संक्रमण मात्र सुखाचे झाले नाही. नव्या रचनेसाठी ड्रायव्हर मुळापासून लिहावे लागले. पुढे एका न्यायालयीन दाव्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत कागदांनुसार, २००७ मधील व्हिस्टाच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी २८ टक्क्यांहून अधिक एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरकडे बोट दाखवत होते.

सप्टेंबर २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० बाजारात आले आणि काही दिवसांतच खेळ मध्येच बंद पडू लागले. या वेळी संशय कार्डाच्या पाठीवरील कपॅसिटरांवर गेला. ईव्हीजीए या निर्मात्याने तर विशिष्ट प्रकारचे सहा कपॅसिटर असलेली रचना चाचणीत टिकली नाही म्हणून आपण ती विक्रीपूर्वीच बदलली, असे जाहीर केले. हातातले कार्ड उलटे करून कपॅसिटर मोजणाऱ्यांची जगभर झुंबड उडाली. २८ सप्टेंबरला एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर आला. अनेक परीक्षकांच्या मोजणीत कार्डाचा कमाल वेग किंचित उतरलेला दिसला, आणि बहुतेकांचे खेळ बंद पडायचे थांबले. कपॅसिटर तेच होते.