प्रतिसरकार, सातारा : नीतिनियम व न्यायदान

भूमिगत कार्यकर्त्यांनी १९४३ ते १९४६ या काळात तत्कालीन सातारा जिल्ह्यात चालवलेला समांतर कारभार. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच मुलूख तेव्हा साताऱ्यात होता. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ निराळा झाला, १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. चळवळीचे ठाणे असलेले कुंडल मात्र औंध संस्थानात होते. तेथे ब्रिटिश पोलिसांना मोकळे रान नव्हते.

सप्टेंबर १९४२ मध्ये वडूज व इस्लामपूर येथील ब्रिटिशविरोधी मोर्चांवर गोळीबार झाला आणि कार्यकर्ते भूमिगत झाले. त्यांच्या नावाखाली दरोडेखोर गावे लुटू लागले. लोकांचा विश्वास टिकवायचा तर आधी या दरोडेखोरांना आवरणे भाग होते. प्रतिसरकारची नीतिव्यवस्था अशी गरजेतून उभी राहिली. पुढे तिच्या कक्षेत सावकारी, दारू, बायकांचा छळ आणि बांधाची भांडणे आली. न्यायदान मंडळ गावातच बसे आणि वादी-प्रतिवादींना सर्वांदेखत ऐके. वकील नाही, तारखा नाहीत.

चळवळीचे नेते नाना पाटील (१९००–७६) येडेमच्छिंद्रचे. १९३० मध्ये तलाठ्याची नोकरी सोडून सत्याग्रहात उतरलेले. हुंडा व मानपानाविरुद्ध त्यांनी ‘गांधी विवाह’ रुजवला. वाजंत्री नाही, जेवणावळी नाहीत. वधूवरांनी एकमेकांना हार घातले की लग्न लागले. प्रतिसरकारच्या तुफान सेना या दलाचे जी. डी. लाड यांचे लग्नही असेच लागले. लोकांना सांगायचे ते आधी आपल्या घरी, हा या मंडळींचा खरा दरारा होता.

दुसरा दरारा वेताचा. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात, तसे गुन्हेगाराला आडवे पाडून त्याच्या तळव्यांवर फटके मारत. त्यावरून लोक ‘पत्री सरकार’ म्हणू लागले. ही शिक्षा गौरवाने सांगण्याची रीत आहे. पण ज्याचे तळवे सुजले त्याला दाद मागायला वरचे कोर्ट नव्हते, हेही नोंदवले पाहिजे.

१९४६ मध्ये भूमिगत कार्यकर्ते उघड्यावर आले. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून व १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले. याच चळवळीतल्या, वाळव्याच्या नागनाथअण्णा नायकवडींनी (१९२२–२०१२) सहकारी साखर कारखाना काढला. त्याला पुढारी किंवा मंत्री यांचे नाव न देता चळवळीत मारले गेलेले साथी किसन अहीर यांचे दिले.