पाद्रीबाबांचं मांजर

कुएर्नावाकाच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर आमच्या वसईचा एक माणूस आहे. नेमका कोणता, ते बोट ठेवून सांगता येत नाही. रंग जागोजागी उडालेत. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला असलेलं हे देऊळ (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, मीही तसंच लिहिते) फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी सोळाव्या शतकात उभारलं, किल्ल्यासारखं जाड भिंतींचं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस बिशप सेर्खिओ मेंदेस आर्सेओ यांनी त्याची दुरुस्ती काढली. मागाहून चढवलेले थर उतरवले, तर खालून भिंतभर चित्रं निघाली: होड्यांतून नेले जाणारे कैदी, भालेवाले शिपाई, ओळीने रोवलेले क्रूस. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानात नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रूसावर चढवलं, त्याची ती कथा. त्या सव्वीसांतला एक वसईचा गोन्सालो गार्सिया.

माझ्या आजीला ही कथा तोंडपाठ होती. बाप पोर्तुगीज, आई आपल्या इथली. किल्ल्यात जेज्विटांकडे शिकला, पोरवयात जपानला गेला, व्यापारात पैसा केला, मग सगळं सोडून मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. जपानी फर्डं बोलायचा म्हणून पाद्र्यांनी त्याला दुभाष्या करून परत तिकडे नेलं. क्योटोत या लोकांनी महारोग्यांसाठी दवाखाने काढले, हा भाग आजी कधी गाळायची नाही. "दवाखाना बांधला म्हणून मारलं काय गं?" असं मी विचारलं की म्हणायची, "राजाला मारायला कारण लागतं काय?"

आजीच्या गोष्टीत मेक्सिको मात्र नव्हतं. ते मला कुएर्नावाकाच्या बाकावर जपमाळ ओढत बसलेल्या एका म्हातारीने दिलं. माझी लेक मेक्सिको सिटीत सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. ती मधे बसून एकेक वाक्य मराठीत सांगत होती. म्हातारीचा संत वेगळा, फेलिपे. मेक्सिको सिटीत जन्मलेला, लहानपणी इतका व्रात्य की घरातली मोलकरीण म्हणायची, हा पोरगा संत होईल तेव्हा अंगणातलं वाळलेलं अंजिराचं झाड हिरवं होईल. मोठेपणी तोही मनिलात फ्रान्सिस्कन झाला. १५९६ मध्ये पाद्रीपदाची दीक्षा घ्यायला मेक्सिकोला परत निघाला, तर वादळात जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं आणि तो पकडला गेला. ज्या दिवशी नागासाकीला त्याचा जीव गेला त्या दिवशी इकडे अंजिराला पालवी फुटली, आणि मोलकरीण रस्त्याने ओरडत धावली. म्हातारीने हे असं सांगितलं की जणू ती मोलकरीण तिच्याच आळीतली होती.

मी तिला म्हटलं, त्याच्या शेजारच्या क्रूसावर आमच्या गावचा माणूस होता. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाकावर सरकून मला जागा दिली. गोन्सालो आणि फेलिपे, दोघांनाही रोमने ८ जून १८६२ रोजी संत म्हणून जाहीर केलं, पण या दोन म्हाताऱ्यांना एकमेकींच्या संताची खबर नव्हती. प्रत्येकीने आपल्या अंगणाला लागेल तेवढाच इतिहास घरात आणला होता.

मेक्सिकोची आमच्या घरातली ओळख संतामुळे झालीच नव्हती. ती झाली मामामुळे. मामा सॅन दिएगोत इमारतींचे नकाशे काढायच्या कामाला होता. त्याच्या पॅरिशमधली कॉलेजवयीन मुलं सुट्टीत सीमेपलीकडे तिहुआनाला घरं बांधायला जायची, आणि मामाला मोजमापाचं कळतं म्हणून त्याला बरोबर न्यायची. वसईला आला की तो ओट्यावर बसून तिथलं सांगायचा. ओअहाका, सिनालोआ, मिचोआकान अशा लांबच्या राज्यांतून माणसं तिहुआनातल्या जोडणीच्या कारखान्यांत कामाला येतात. टेकड्यांच्या उतारावर जागा धरतात. माती सरकू नये म्हणून जुन्या टायरांची ताल रचतात, आणि अमेरिकेने टाकून दिलेल्या गॅरेजच्या दारांच्या भिंती करतात. मामाला त्या दारांचं फार होतं. म्हणायचा, "आमच्या गल्लीत ज्या दारामागे मोटार राहत होती, त्याच्यामागे तिथे पाच माणसं राहत होती."

मुलांचं काम ठरलेलं. पहिल्या दिवशी काँक्रीटची जमीन, मग लाकडी चौकट, तिच्यावर डांबरी कागद, कागदावर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, जाळीवर गिलावा. सुट्टी संपायच्या आत किल्ली घरमालकिणीच्या हातात. सगळे रडायचे, फोटो निघायचे. सीमेलगतच्या गावांतून अशी हजारो घरं उभी राहिली. जिमी कार्टर यांनीही १९९० मध्ये स्वयंसेवकांचा ताफा घेऊन तिहुआनात घरं बांधली होती.

पण मामाची खरी गोष्ट एका गवंड्याची होती. शेजारच्या झोपडीतला ओअहाकाचा म्हातारा. दिवसभर दारात बसून मुलांची ठोकाठोकी पाहायचा, बोलायचा नाही. एका संध्याकाळी मामा विसरलेला टेप घ्यायला परत गेला, तर म्हातारा कोपऱ्यावरची जाळी सोडवून पुन्हा ताणून बसवत होता. मामा ओशाळला. म्हातारा म्हणाला, "पोरांनी मनापासून केलंय. भिंतीला मन कळत नाही."

योगायोग असा की ज्या कुएर्नावाकात मला ती जपमाळवाली भेटली, त्याच गावात या साऱ्या प्रकारावर सगळ्यात कडक बोलणारा माणूस राहत होता. इव्हान इलिच, व्हिएन्नात जन्मलेला कॅथलिक पाद्री. लॅटिन अमेरिकेत सेवेला निघालेल्या परदेशी पाद्र्यांना आणि स्वयंसेवकांना स्पॅनिश शिकवण्यासाठी त्याने १९६१ मध्ये तिथे केंद्र काढलं, आणि शिकवता शिकवता त्यांना परत फिरवायचंही काम केलं. एप्रिल १९६८ मध्ये मेक्सिकोत सेवाकार्याला जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या परिषदेत त्याने तोंडावर सांगितलं की तुमच्या सद्भावनेतही एक वर्चस्व आहे. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, जे तुम्हाला चूक म्हणूही शकत नाहीत, त्यांच्यावर तुम्ही स्वतःला लादताय. प्रवास करा, शिका, पण उपकार करायला येऊ नका. हे भाषण मी मामाला वाचून दाखवलं होतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे. पण इलिचसाहेबांना जानेवारीच्या पावसात मातीच्या जमिनीवर झोपायला सांग एकदा."

मामाचं म्हणणंही पोकळ नव्हतं. मेक्सिकोत २००० साली कोआविला राज्यात सरकारने गरिबांच्या घरात मातीऐवजी सिमेंटची जमीन घालून द्यायची योजना सुरू केली. पुढे अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा लहान मुलांमधले जंत, जुलाब आणि रक्तक्षय ठळकपणे कमी झाल्याचं दिसलं. आयांच्या मनावरचा ताणही हलका झाला होता. भिंत वाकडी असो, छत गळो, जमीन पक्की झाली की रांगणारं मूल वाचतं. फक्त ती जमीन घालायला तिथे परदेशी पोरं लागली नाहीत. सरकारने सिमेंट दिलं, घरच्यांनी आधी सामान बाहेर काढून जागा मोकळी केली आणि ओतलेलं सिमेंट स्वतः पसरलं.

गाव आणि पाद्री मिळून काय उभं करतात ते पाहायचं तर ओतुंबाकडे जावं लागतं. मेक्सिको सिटीच्या ईशान्येचं हे गाव कोरडं. पाऊस साठवायची तळी होती, ती स्पॅनिश लोकांच्या गुरांनी नासवली. तिथे फ्राय फ्रान्सिस्को दे तेंब्लेके नावाचा फ्रान्सिस्कन होता. त्याने दूरच्या सेंपोआलाच्या झऱ्यांचं पाणी आणायचं ठरवलं. सेंपोआलाकरांनी पाणी फुकट दिलं नाही. आमच्याही गावात पाद्री कायमचे ठेवा, अशी अट घातली. १५५५च्या सुमारास काम लागलं आणि जवळजवळ सतरा वर्षं चाललं. सुमारे ४८ किलोमीटरचा पाट, बहुतेक जमिनीखालून, आणि दरी आली तिथे कमानींवरून. तेपेयाहुआल्कोच्या दरीतली सर्वांत उंच कमान ३९ मीटरच्या घरात जाते. २०१५ मध्ये युनेस्कोने हा जलमार्ग जागतिक वारशात घेतला.

त्या कमानींखाली मेंढ्या चारणाऱ्या एका आजोबांनी लेकीला थांबवून मांजराची गोष्ट सांगितली. एवढं मोठं काम म्हाताऱ्या पाद्र्याच्या हातून व्हायचं नाही, माणसं उगाच मरतील, अशी कागाळी वर गेली. चौकशीला अधिकारी आला. पाद्री कामाजवळच्या एका झोपडीवजा मठीत एकटा राहायचा; सोबतीला फक्त एक भलंमोठं करडं मांजर. ते रोज रानात जाऊन त्याच्यापुरती शिकार आणायचं. अधिकारी बसलेला असताना मांजर ससा घेऊन आलं. पाद्री म्हणाला, "बाबा, आज पाहुणा आहे, आणखी एक लागेल." मांजर गेलं आणि दुसरा घेऊन आलं. अधिकाऱ्याने विचार केला, ज्याचं जनावरही ऐकतं त्याचं काम आपण कशाला थांबवा, आणि निघून गेला. ही गोष्ट जुन्या फ्रान्सिस्कन बखरीतही आहे. पण आजोबांच्या तोंडून ऐकताना तिचा पुढचा भाग आला, तो महत्त्वाचा. मी विचारलं, मग हे पाद्र्याने बांधलं म्हणायचं? आजोबांनी काठीने खांबाच्या दगडांकडे दाखवलं. दगडांवर कोरलेल्या खुणा होत्या, कामकऱ्यांच्या टोळ्यांनी आपापल्या हद्दीवर केलेल्या. "पाद्रीबाबांनी मांजर पाळलं," आजोबा म्हणाले, "दगड आमच्यांनी वाहिले."

आणि नुसते वाहिले नाहीत. एवढ्या उंच कमानींना युरोपी पद्धतीने लाकडी आधार द्यायला त्या उघड्याबोडक्या माळावर लाकूड कुठलं! इथल्या लोकांनी कच्च्या विटांची भर घालून तिच्यावर कमान बांधली आणि चुना धरल्यावर विटा काढून घेतल्या. अक्कल दोन्हीकडची होती, घाम एकीकडचाच.

हा घाम नेहमी राजीखुशीचा नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. फ्राय तोरिबिओ, ज्याला लोक मोतोलिनिआ म्हणायचे, १५२४ मध्ये आलेल्या पहिल्या बारा फ्रान्सिस्कनांपैकी. त्याने आपल्या इतिहासात या भूमीवर कोसळलेल्या दहा पीडांची यादी दिली आहे, त्यात सातवी पीडा मेक्सिको सिटीचं बांधकाम. देशी लोकांना सामान स्वतःच्या पाठीवर आणावं लागे, सामानाचे पैसे स्वतःच भरावे लागत, भाकरीही घरून आणावी लागे. पाद्र्यानेच बांधकामाला साथीच्या रोगांच्या रांगेत बसवलं, याहून मोठी साक्ष कोणती हवी? आमच्या वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या देवळाचे जे अवशेष आहेत, त्यांच्याकडे त्यानंतर मी कमानीची उंची मोजत पाहिलं नाही. हे दगड कुणाच्या डोक्यावरून आले, असंच मनात आलं. आजीच्या गोष्टीत त्या माणसांना नाव नव्हतं.

मेक्सिकोत दगड उचलायची वेळ अजून येते. १९ सप्टेंबर २०१७च्या भूकंपाने पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या उतारावरच्या जुन्या मठांचे मनोरे आणि घुमट पडले, तडकले; कुएर्नावाकाच्या मठालाही धक्का बसला. मेक्सिको सिटीत लोक हातोहात साखळी करून ढिगारे उपसत होते. गावांत मात्र एक विचित्र अडचण झाली. १९१७च्या राज्यघटनेने देवळं राष्ट्राच्या मालकीची केली आहेत, त्यामुळे जुन्या देवळाची वीटही पुरातत्त्व संस्थेच्या परवानगीशिवाय लावता येत नाही. पिढ्यान्पिढ्या पाळीपाळीने फुकट राबून देऊळ सांभाळणारी माणसं बाहेर अंगणात ताडपत्रीखाली मिसा ऐकत राहिली. संस्थेचंही खोटं नव्हतं. घाईने सिमेंट लिंपलं तर चारशे वर्षांचा चुना मरतो. पण सांभाळणारा कोण आणि मालक कोण, हा जुना हिशेब तिथे पुन्हा उघडा पडला.

मामाने त्याच्यापुरता हा हिशेब मिटवला. ओअहाकाच्या त्या म्हाताऱ्या गवंड्याशी त्याची दोस्ती झाली होती. ३ मे हा मेक्सिकोत गवंड्यांचा सण. पवित्र क्रूसाच्या त्या दिवशी बांधकामावर फुलं-कागदांनी सजवलेला क्रूस लावतात आणि मालकाने सगळ्यांना जेवू घालायचं असतं. अशा एका सणाला मामा एकटाच गेला, आणि पुढे मुलांची टोळी न नेता पॅरिशने सिमेंट-सळईचे पैसे म्हाताऱ्याच्या वस्तीकडे द्यावेत, असं त्याने पटवलं. सोपं गेलं नाही. मुलांचे आईबाप म्हणाले, मग आमच्या मुलांना अनुभव कसा मिळणार? मामा म्हणाला, त्यांना पाहुणे म्हणून जाऊ द्या. वस्तीने आपल्या रीतीने बांधलं: ब्लॉकच्या भिंती, वर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया, आणि स्लॅब ओतायच्या दिवशी शेजारीपाजारी, व्याही-सोयरे सगळे बादल्या घेऊन हजर.

स्लॅबच्या त्या दिवशी मामाने सवयीने बाह्या सरसावल्या. म्हाताऱ्याने त्याच्या हातातली बादली काढून घेतली आणि त्याला चुलीपाशी बायकांमध्ये नेऊन बसवलं. टॉर्टिया भाजायला त्याला कुणी दिल्या नाहीत. खायला मात्र त्याच्यावर कुणी दया केली नाही.